मुलाच्या नावावरील बाकी

मंठ्याहून मुलाला क्रिकेटच्या सरावासाठी जालन्याला पाठविणाऱ्या व्यापारी पित्यास, मुलाने खेळ सोडताच प्रथम झालेला खर्च आठवतो. त्याने कल्याणच्या एका रिक्षाचालकाकडे पाहावे. जानेवारी २०१६ मध्ये त्यांचा मुलगा प्रणव धनावडे याने, वयाच्या पंधराव्या वर्षी, शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा काढल्या. मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे त्याचा खेळ खालावला, तेव्हा ती थांबवावी असे पत्र २०१७ मध्ये वडिलांनीच संघटनेस लिहिले. घरात येणारी रक्कम नाकारणे पेढीवरील माणसासही अवघड. रिक्षाचालकास तर अधिकच. परंतु त्या पत्राने मुलाच्या नावावरील बाकी मिटली. मंठ्यातील वहीत मात्र जालन्याचे बसभाडे अजून येणे म्हणूनच मांडलेले असते.