‘चर्चा झाल्याप्रमाणे’

गेल्या गणेशोत्सवात आमच्या येथील मंडळात भ्रष्टाचार-निर्मूलनावर परिसंवाद झाला. वक्ते चार, चौघेही सरकारी नोकर, त्यांतले दोघे निवृत्त. समारोप करताना एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, ज्यांच्याविषयी मला खराखुरा आदर आहे, असे उद्गार काढले की, मुलुखापासून शेकडो कोस दूर नोकरी करताना आपण मराठी मंडळींनी निदान एक गोष्ट जपली आहे. आपले हात ओले होऊ दिलेले नाहीत. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. मात्र घरी परतताना त्या टाळ्या मनाला टोचू लागल्या, आणि त्या टोचणीतूनच हा लेख लिहिला जात आहे. वडीलधाऱ्यांनी रागावू नये. रागावायचेच असेल तर लेख संपूर्ण वाचून रागवावे.

आपले हात कोरडे आहेत हे मला मान्य आहे. परंतु लाच न घेणे हा काही पराक्रम नव्हे. ती नोकरीची अट आहे, आणि तिच्याबद्दल सरकार आपल्याला दरमहा वेतन देते. खरा प्रश्न पुढचा आहे. या कोरड्या हातांनी आपण काय लिहिले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय पुसले?

माझेच सांगतो. काही वर्षांपूर्वी, आजच्या कार्यालयात नव्हे तर दुसऱ्याच एका ठिकाणी, एका पुरवठ्याच्या निविदांचे प्रकरण माझ्या टेबलावर होते. सर्वांत कमी दराची निविदा अनुभवाच्या दाखल्यातील एका क्षुल्लक मुद्द्यावर बाद करावी, अशी हवा होती. मी नियम पाहिले, जुन्या फाइली पाहिल्या, आणि दाखला ग्राह्य आहे असे कारणांसह लिहून टिपणी वर पाठविली. दुसऱ्या दिवशी फाईल परत आली. तिच्यावर दोनच शब्द होते: ‘कृपया बोलावे.’

ज्यांनी सरकारी कचेरीत एक वर्ष काढले आहे त्यांना या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. मी गेलो. आमचे सेक्शन ऑफिसर मुळीच वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी चहा मागविला, माझ्या अक्षरशुद्ध टिपणीचे कौतुक केले आणि म्हणाले, “हे बघा, वर ठरलेले आहे. तुमची टिपणी जरा आटोपशीर करा. तुम्हाला कोणी खोटे लिहा म्हणत नाही, फक्त कमी लिहा.” संगणकावरच्या फायलीत कच्ची टिपणी पिवळी असते आणि पक्की झाली की हिरवी होते. हिरवी पुसता येत नाही, पिवळी येते. माझी पिवळीच होती. मी ती काढून टाकली आणि नवी लिहिली: ‘चर्चा झाल्याप्रमाणे सुधारित टिपणी सादर.’ कोणाशी चर्चा, कसली चर्चा, काय सुधारले, यांतले एक अक्षर त्यात नव्हते. एक पैसा मला मिळाला नाही, कोणी देऊही केला नाही. चहा तेवढा प्यालो.

एवढ्यावर भागले असते तर कदाचित मी ते विसरूनही गेलो असतो. परंतु पुढल्याच अधिवेशनात एका खासदारांनी त्याच व्यवहारावर अतारांकित प्रश्न विचारला: सर्वांत कमी दराची निविदा नाकारण्यात आली हे खरे आहे काय, असल्यास त्याची कारणे कोणती? उत्तराचा मसुदा करण्याचे काम उतरत उतरत कोणाकडे आले असेल? माझ्याकडेच. मी फाईल उघडली. फायलीत माझ्या पहिल्या टिपणीचा मागमूस नव्हता. होता तो आक्षेप तेवढा होता. मी लिहिले की निविदांचे तांत्रिक मूल्यमापन करून नियमानुसार निर्णय घेण्यात आला. फायलीबरहुकूम ते उत्तर अक्षरशः खरे होते. सभागृहापुढे असत्य जाऊ नये यासाठी सत्य मी आधीच पुसून ठेवले होते. तो माननीय सदस्य कोण, कोणत्या पक्षाचा, याच्याशी मला कर्तव्य नाही. देशाच्या सर्वोच्च सभागृहातून एक माणूस मला नेमके तेच विचारीत होता जे मला ठाऊक होते, आणि आम्हा दोघांमध्ये माझीच सुधारित टिपणी उभी होती.

भ्रष्टाचाराविरुद्ध लोकप्रतिनिधींनी काय करावे आणि लोकसेवकांनी काय करावे, हे दोन वेगळे विषय समजून त्यांवर दोन वेगळी भाषणे करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. माझ्या मते विषय एकच आहे. कारकुनाला खासदाराकडे जाता येत नाही. वर्तणुकीचे नियम त्याला सरकारी माहिती बाहेर नेऊ देत नाहीत, आणि तसे असण्यात काही गैर आहे असेही मी म्हणत नाही. खासदाराला सेक्शनमध्ये येऊन कपाट उघडता येत नाही. कायदेशीरपणे या दोघांची गाठ पडू शकते ती कागदावरच: एकाने फायलीत लिहावे, दुसऱ्याने सभागृहात विचारावे. म्हणून ज्याला पैसा खायचा आहे तो तिजोरीला हात घालण्यापूर्वी कागदाला हात घालतो. तो आज्ञा तोंडी देतो.

हे काही आजचे नाही. १९५७ च्या जून महिन्यात, जेमतेम वर्षाच्याही न झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे समभाग घेतले, आणि तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता. विमेदारांच्या पैशाचा हा व्यवहार लोकसभेत ज्यांनी लावून धरला ते फिरोज गांधी आणि रामसुभग सिंह हे दोघेही सत्ताधारी काँग्रेसचेच सदस्य होते, हे विसरता कामा नये. पंतप्रधानांचा जावई पंतप्रधानांच्या अर्थमंत्र्याला प्रश्न विचारतो आहे, हे दृश्य या देशाने पाहिलेले आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे मुंबईत उघड्यावर चौकशी झाली. तेथे सारा खल कशावर झाला? अर्थमंत्र्यांची संमती होती की नव्हती यावर. अर्थसचिव एच. एम. पटेल सांगत होते, मंत्र्यांच्या कानावर घातले होते, मंत्री टी. टी. कृष्णम्माचारी सांगत होते, मी संमती दिली नव्हती. संमतीचा लेखी पुरावा नव्हता. आय. सी. एस.च्या परंपरेत वाढलेला सचिव आणि कसलेला मंत्री, आणि सव्वा कोटींचा व्यवहार ‘चर्चा झाल्याप्रमाणे’! सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही असे छागलांनी ठरविले, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. (पुढे १९६३ साली ते पुन्हा अर्थमंत्री झाले, आणि १९७७ साली पटेलही झाले. आपली स्मृती उदार आहे.)

पुढच्याच वर्षी, १९५९ साली, आपल्या चिंतामणराव देशमुखांनी भ्रष्टाचाराच्या तक्रारींसाठी एक उच्चाधिकारी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे अशी मागणी केली. ती मानली गेली नाही. लोकपालाचे पहिले विधेयक १९६८ साली आले, कायदा २०१३ साली झाला आणि पहिले लोकपाल २०१९ च्या मार्चमध्ये नेमले गेले. साठ वर्षे! संस्था नकोत असे मी म्हणत नाही. पण मुंदडा प्रकरण उघडकीस आले तेव्हा लोकपाल नव्हता, केंद्रीय दक्षता आयोगही नव्हता. तो १९६४ साली, संथानम समितीच्या शिफारशीनंतर आला. होते ते एक सभागृह आणि प्रश्न विचारण्याचे धैर्य असलेले दोन सदस्य.

आजचे सदस्य म्हणतील, पक्षांतरबंदीने आमचे हात बांधलेले आहेत. १९८५ च्या त्या घटनादुरुस्तीत पक्षादेशाचा संबंध मतदानाशी आहे, प्रश्न विचारण्याशी नव्हे. प्रश्नांना तोटा तरी कोठे आहे? लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. परंतु त्यांतले पुष्कळसे असे असतात की त्यांची उत्तरे आम्ही कारकून झोपेत लिहू शकू. ‘अमुक खात्यातील भ्रष्टाचाराची सरकारला जाणीव आहे काय, असल्यास कोणती पावले उचलली?’ याला उत्तर म्हणून पावलांची यादी तयारच असते. त्याऐवजी एखाद्याने विचारावे: हा निर्णय लेखी आदेशाने झाला की तोंडी? तोंडी असल्यास त्याची लेखी पुष्टी कोणत्या तारखेस झाली? प्रकरणात विरोधी टिपणी होती काय? खात्री बाळगा, त्या दिवशी सेक्शनमध्ये चहा थंड होईल. आणि ‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ हे आमचे आवडते वाक्य सभागृहाच्या लेखी आश्वासन ठरते. ते तीन महिन्यांत पुरे करावयाचे असते, आणि त्यासाठी १९५३ पासून लोकसभेची आश्वासन समिती आहे. आपल्या प्रश्नावरच्या आश्वासनाचे पुढे काय झाले हे पुन्हा विचारणारा सदस्य, खरे सांगतो, माझ्या नोकरीत मला एकदाच आढळला.

तेव्हा सदस्यांनी प्रथम आपल्या घरचे पाहावे. १९५१ साली मुद्गल नावाच्या सदस्याने मुंबईच्या सोनेचांदी व्यापाऱ्यांच्या संस्थेकडून पैसे घेऊन त्यांचे काम संसदेत केले, म्हणून त्यांना जावे लागले. (त्या चौकशी समितीचे अध्यक्ष हेच कृष्णम्माचारी होते.) २००५ साली प्रश्नांसाठी पैसे घेणाऱ्या ११ सदस्यांची हकालपट्टी झाली. सभागृहातील मतासाठी लाच घेणाऱ्या सदस्याला १९९८ च्या निकालाने जे कवच मिळाले होते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी मार्च २०२४ मध्ये काढून घेतले. हे न्यायालयाला करावे लागले. सभागृहांनी ते स्वतः कायदा करून छब्बीस वर्षांत कधीच का केले नाही? शिवाय बदलीसाठी, ठेक्यासाठी येणारी ती शिफारसपत्रे आणि ते दूरध्वनी! पत्र निदान फायलीत लागते. दूरध्वनी फक्त सेक्शन ऑफिसरच्या चेहऱ्यावर दिसतो.

आता आपली बाजू. ‘आम्ही लहान माणसे, वरून आले तर काय करणार?’ हे वाक्य आपण इतक्या वेळा म्हटले आहे की आपल्याला ते नियमच वाटू लागले आहे. प्रत्यक्ष नियम उलट आहे. १९६४ च्या वर्तणूक नियमांतील तिसराच नियम सांगतो की वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा. तोंडी द्यावाच लागला तर त्याने तो लगेच लेखी पक्का करावा, आणि कनिष्ठाने तशी पुष्टी मागावी. मागावी, ‘मागता येईल’ नव्हे! २०१३ साली माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानेही तोंडी आज्ञांवर काम करू नये, त्या नोंदवाव्यात, असे बजावले. नियमांची पुस्तिका आपल्या प्रत्येकाच्या खणात आहे. रजेच्या आणि प्रवासभत्त्याच्या पानांना बोटांचे डाग पडले आहेत. तिसऱ्या नियमाचे पान कोरे करकरीत आहे.

भीती खोटी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. बदली होते, गोपनीय अहवालात एखादा थंड शब्द पडतो, मुलांची शाळा अर्ध्या वर्षात बदलावी लागते; आपण परमुलुखातले, आपल्याला हे अधिकच जाचते. सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने महामार्गाच्या कामातील गैरप्रकारांबद्दल थेट पंतप्रधानांना लिहिले होते आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ते पत्र नावासकट कचेऱ्यांतून फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. तपासात ती लुटारूंची करणी ठरली. पण नाव फुटले ते फुटलेच. अशांच्या संरक्षणासाठी २०१४ साली कायदा मंजूर झाला, आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ तो अंमलात आणण्याची तारीखच निघाली नाही. याउलट २०१८ साली लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात १७-अ हे कलम घातले गेले, आणि वरिष्ठांच्या निर्णयांची चौकशी सुरू करण्याआधीच सरकारची परवानगी आवश्यक झाली. ज्याने निर्णय घेतला त्याच्यासाठी कवच त्वरित. ज्याने आक्षेप लिहिला त्याच्यासाठी तारीख नाही. सदस्यांना एकच काम करावयाचे असेल तर त्यांनी ही तारीख मागावी. आमच्याकडून धैर्याची अपेक्षा त्यांनी खुशाल करावी, पण ती तारीख हातात ठेवून करावी.

त्या परिसंवादानंतर दोन महिन्यांनी माझ्या टेबलावर पुन्हा एक फाईल ‘कृपया बोलावे’ लिहून आली. मी जाऊन बोललो, आदराने बोललो, चहाही घेतला. परत येऊन मूळ टिपणी पक्की केली, आणि तिच्याखाली लिहिले की, आज अमुक वाजता मला अमुक प्रकारे टिपणी बदलण्याची तोंडी सूचना मिळाली. नियम ३ नुसार तिची लेखी पुष्टी मिळावी, ही विनंती. तारीख घातली. फाईल वर गेली. कोणी मला बोलावले नाही, कोणी रागावलेही नाही. सेक्शनमध्ये दोन दिवस माझ्याशी सगळे जरा जपून बोलत होते, इतकेच.

ती फाईल अजून खाली आलेली नाही.