गोधडीचा ताळेबंद



तागा, कटपीस, कतरण हे शब्द आपल्या व्यापारी घरांत लहानपणापासूनच कानांवर पडतात. कापडाचा भाव आपण मीटरवर ओळखतो. पण तेच कापड विरले की त्याचे मोल संपले, असे धरून चालतो. गोधडीचे आयुष्य नेमके तेथून सुरू होते. आमच्या भागात तिला वाकळही म्हणतात. वापरून मऊ झालेली सुती लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरायची, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून सुरकुत्या काढायच्या आणि कडेपासून आत, चौकोनात चौकोन घालीत, धावदोऱ्याने मध्यापर्यंत यायचे. कृती एवढीच, पण एकटीने ती लवकर उरकत नाही. म्हणून गोधडीभोवती चार जणी बसतात आणि हात चालू असताना सुखदुःखाची देवघेवही होते.

डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेस जाण्याचा योग आला. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टतर्फे भरणारी ही जत्रा म्हणजे महिला बचत गटांच्या मालाची मोठी बाजारपेठ. भीमथडी म्हणजे भीमेकाठचा मुलूख. आमची टेंभुर्णीही भीमेच्याच खोऱ्यातली. त्यामुळे तेथे परकेपणा वाटत नाही. गोधड्यांच्या एका दालनापाशी टाके न्याहाळीत उभी असताना आतून हाक आली, "वहिनी, टेंभुर्णीच्या ना तुम्ही?"

पूर्वी आमच्याच गल्लीत राहणाऱ्या या बाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत, बँकेतून घरी आल्यावर मी ज्यांच्या शेजारी बसून टाके घालीत असे, त्यांतल्या एक. मुलाच्या नोकरीपायी त्यांचे कुटुंब गाव सोडून गेले, त्याला वीसेक वर्षे झाली. त्यांच्याबरोबर गटातल्या आणखी दोघी होत्या. पाच मिनिटांत आम्ही चौघी सतरंजीवर बसून एका अर्धवट गोधडीची कड धरली. कोण कोठे असते, कोणाला आता सुईत दोरा ओवता येत नाही, कोण राहिले नाही, हे सारे टाक्याटाक्याला उलगडत गेले. "सासूबाईंच्या लुगड्याची ती वाकळ आहे का अजून?" त्यांनी विचारले. आहे; नातवंडे आजही तिच्यावरून भांडतात.

एवढ्यात एक ग्राहक आले. अडीच हजारांची गोधडी त्यांनी दोन हजारांना मागितली. बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि "न्या" म्हणाल्या. आमची बोलणी पुढे चालू झाली, परंतु माझ्यातला बँकवाला हिशेबात गुंतला.

तो हिशेब आपणही करून पाहावा. समजा, दोघी जणी रोज 4 तास बसल्या आणि 10 दिवसांत एक गोधडी झाली. हे झाले 80 तास. विक्री 2,500 रुपये. कापड, दोरा, प्रवास यांचे 500 वजा जाता उरले 2,000, म्हणजे तासाला 25 रुपये. आता 500 रुपये सोडले, तर ग्राहकाला सूट मिळाली 20 टक्के. दोऱ्याचा किंवा प्रवासाचा खर्च त्याने घटत नाही. ती सारी रक्कम मजुरीतूनच जाते. तासाचे 25 रुपये 19च्याही खाली येतात. मजुरीत कपात झाली पूर्ण 25 टक्के! दुकानदार सूट देतो ती नफ्यातून. शिवणारी देते ती आपल्या श्रमातून.

1992 साली नाबार्डने 500 बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला आणि पुढे गावोगावच्या भगिनींना पतपुरवठ्याची वाट खुली झाली. भांडवलाचा प्रश्न त्यामुळे काही अंशी सुटला. कष्टाचा भाव मात्र कोणतीही बँक ठरवीत नाही; तो ग्राहक ठरवितो.

आपल्या देशात ही कला नावे बदलून सर्वत्र नांदते. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कन्नडमधील सिद्दी भगिनींची कवंदी, या सगळ्या गोधडीच्या बहिणीच. अमेरिकेत ह्यूस्टन येथे गोधड्यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव दरवर्षी भरतो. तेथे गोधडी भिंतीवर चित्रासारखी टांगली जाते आणि लोक रांगेने पाहतात. आपल्याकडे तिची जागा अंथरुणातच आहे आणि त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो तिच्या शिवणीचे मोल न धरण्यात.

आज अडचण आणखी एक आहे. कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या आणि घरातले मऊ सुती कापड दुर्मीळ झाले. कृत्रिम कापड सुईखाली निसटते, अंगाला घाम आणते. येथे आपण कापडवाले सहज उपयोगी पडू शकतो. दुकानातील सुती कतरण वेगळी ठेवून जवळच्या गटास द्यावी. लग्नकार्यात, बारशाला आहेर म्हणून गोधड्या द्यायच्या असतील तर चार महिने आधी मागणी नोंदवून निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. आपण आपल्या पुरवठादारांना देतोच ना! आणि भाव विचारण्यापूर्वी एकदा एवढेच विचारावे, "ताई, ही शिवायला किती दिवस लागले?"

उत्तर ऐकल्यावर घासाघीस करावीशी वाटली, तर खुशाल करावी. बहुधा वाटणार नाही.