खिडकीचा रंग आणि पेशीतली जनुके

नाक आजीवर गेले, उंची मामाची आली, एवढ्यावर घरोघरी जनुकांची चर्चा संपते. वर्गातही आपण फार पुढे जात नाही. मेंडेलचे वाटाणे झाले की धडा मिटतो. पण वारशाने आलेले कोणते जनुक केव्हा चालू व्हायचे आणि केव्हा बंद राहायचे, हे पेशी रोज ठरवीत असते. त्यात पाण्यातून व धुळीतून आलेल्या जड धातूंचाही हात असतो, हे मुलांना सांगायलाच हवे, असे आम्हांस वाटते.

कॅडमियमचेच पाहा. आपल्या पेशींत एमटीएफ-१ नावाचे प्रथिन जस्तावर लक्ष ठेवून असते. मोकळे जस्त वाढले की ते डीएनएवरील ठरावीक जागी बसते आणि मेटॅलोथायोनिन या दुसऱ्या प्रथिनाची जनुके चालू करते. (घोड्याच्या मूत्रपिंडात १९५७ साली सापडलेले प्रथिन ते हेच.) कॅडमियम पेशीत शिरले की जस्ताला त्याच्या जागेवरून उठवते. मोकळे झालेले जस्त पाहून एमटीएफ-१ जागे होते, नवे मेटॅलोथायोनिन तयार होते आणि कॅडमियमला जखडून टाकते. घरचा माणूस ओसरीवर आला, त्यावरून आत चोर शिरल्याचे कळले, असा हा प्रकार!

बंदोबस्त चोख खरा, पण चोर घरातच राहतो. मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे व्हायला १० ते ३० वर्षे लागतात. जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या लोकांनी खाणीच्या सांडपाण्यावर पिकलेला भात खाल्ला आणि त्यांची मूत्रपिंडे व हाडे गेली. तो प्रदूषणाचा आजार असल्याचे तेथील सरकारने १९६८ मध्ये मान्य केले.

शिसे तर कॅल्शियमचे सोंग घेते. कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालणारी मेंदूतील जनुके त्यामुळे अवेळी चालू-बंद होऊ शकतात. लहान मुलांच्या अंगात ते मोठ्यांच्या चार-पाच पट मुरते, आणि त्याची निर्धोक अशी मात्रा जागतिक आरोग्य संघटनेला माहीत नाही.

हे सारे येथे मांडण्याचे कारण आपल्या शाळेच्या जुन्या खिडक्या. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपल्या खिडक्यांवर त्याआधीचे किती थर आहेत, ते जुने शिपाईमामाच जाणोत. येत्या सुट्टीत रंगकाम काढण्यापूर्वी विश्वस्तांनी जुन्या रंगाची तपासणी करून घ्यावी. कोरडे खरवडू नये. भिजवून, मुले आवारात नसताना काढावे आणि पापुद्रे झाडून अंगणात लोटू नयेत. खर्च वाढेल, हे आम्ही जाणतो. सगळे एकदम जमणार नसेल तर बालवाडीपासून सुरुवात करावी. तेथल्या खिडक्या बुटक्या आहेत, आणि मुलांचे हात सारखे तोंडात जातात.