पेशीच्या शिवणींतील माया

मुलांचे कपडे शिवतांना जाणती गृहिणी शिवणींत थोडी माया ठेवते. मूल वाढलें म्हणजे शिवण उसवून ती मोकळी करावयाची, कीं कपडा न फाटतां अंगास बसतो. अशीच तजवीज निसर्गानें आपल्या देहांतील पेशींच्या आवरणांतहि करून ठेविली आहे. तिचा परिचय आज आम्ही वाचकांस करून देणार आहों.

१९५३ सालीं जॉर्ज पॅलेड यांस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं रक्तवाहिन्यांच्या अस्तरांतील पेशींवर चिमुकले खळगे आढळले. १९५५ सालीं यामादा या संशोधकांनीं त्यांस 'कॅव्हिओला', म्हणजे लहानशी गुहा, असें नांव दिलें. एका खळग्याची रुंदी मिलिमीटरच्या सुमारें १५,००० व्या हिश्श्याएवढी असते.

हे खळगे आपोआप पडत नाहींत. ते घडविणारीं प्रथिनें निराळीं आहेत. त्यांपैकीं कॅव्हिओलिन हें १९९२ सालीं या खळग्यांत ओळखलें गेलें. त्याचे ११ रेणू मिळून एक चपटी चकती बनते, असें २०२२ सालीं दिसून आलें. परंतु एकट्या कॅव्हिओलिनानें आपल्या पेशींचें काम भागत नाहीं. खळग्याभोंवतीं वेष्टण घालून त्यास आकार व स्थैर्य देणाऱ्या कॅव्हिन या सोबत्याचें महत्त्व २००८ सालीं उघड झालें.

पेशी ताणली गेली म्हणजे हे खळगे पसरून सपाट होतात व आवरणास फाटण्यापासून जपतात, हें २०११ सालच्या प्रयोगांनीं दाखविलें. स्नायू, रक्तवाहिन्या व मेदपेशी यांत त्यांची इतकी दाटी कां, याचें एक मर्म येथें आहे.

ही माया जन्मतःच नसली तर? ज्यांच्या देहांत कॅव्हिन वंशगत दोषामुळें बनत नाहीं, त्यांच्या मेदपेशींत मेद सांठत नाहीं व स्नायू दुबळे होतात. ठाव न मिळालेला मेद रक्तांत व यकृतांत सांचतो आणि मधुमेहहि संभवतो. हा विकार अति विरळा खरा. पण अशा मुलाचें अंग वरवर पीळदार दिसतें, म्हणून तें लवकर थकलें तर 'आळशी' हा शिक्का बसावयास वेळ लागत नाहीं. डोळ्यांस न दिसणारी उणीव देहांत असूं शकते, हें वडीलधाऱ्यांनीं ध्यानीं धरावें व बोल लावण्यापूर्वीं मुलास डॉक्टरांस दाखवावें, इतकीच आमची विनंति आहे.