विश्लेषण : हिवाळ्यातील अवकाळी पावसात घोडे, मेंढ्या का दगावतात? त्यांना कसे वाचवता येईल?

पुणे जिल्ह्यात १ आणि २ डिसेंबर २०२१ रोजी ऐन हिवाळ्यात पावसाची संततधार लागली. सोबत गार वारा होता. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर तालुक्यांत उघड्या रानात बसलेल्या शेकडो मेंढ्या गारठून दगावल्या. पारा गोठणबिंदूच्या आसपासही नव्हता. मग इतकी जनावरे का गेली?

पारा फार खाली नसताना जनावर का गारठते?

कोरड्या केसांत हवेचा थर अडकतो. तेच जनावराचे पांघरूण. केस भिजले की हा थर नाहीसा होतो. हिवाळ्याचे केस वाढलेला धडधाकट घोडा कोरडा असेल तर साधारण ५ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतो. तोच भिजला तर १५ अंशांनाच अंग गरम ठेवण्यासाठी त्याला जादा ऊर्जा खर्चावी लागते. त्यात वारा आणि रिकामे पोट यांची भर पडली की जनावर बसते ते उठत नाही. कोकरे, शिंगरे, गाभण आणि म्हातारी जनावरे आधी बळी पडतात.

मेंढपाळांनाच मोठा फटका का?

पावसाळा सरला की पारनेरसारख्या कोरडवाहू भागातील अनेक मेंढपाळ चाऱ्यासाठी कोकणाकडे निघतात. संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. रात्री मेंढ्या शेतात बसवल्या जातात. शेतकऱ्याला खत मिळते. पण वाघरीला छप्पर नसते. याच जिल्ह्यात ताथवडे येथे पशुसंवर्धन विभागाचे वळू माता प्रक्षेत्र आहे. सरकारी प्रक्षेत्रात गोठा, वैरण आणि पशुवैद्यक एकाच आवारात असतात. रानातल्या कळपाकडे यातले एकही नसते.

इशारा आल्यावर काय करावे?

- जनावरे ओढ्याकाठच्या, पाणी साचणाऱ्या जागेवरून हलवावीत. वाऱ्याच्या बाजूने ताडपत्रीचा आडोसा करावा. तबेला मात्र चारही बाजूंनी कोंडू नये.
- सुकी वैरण वाढवावी. ती पचताना पोटात ऊब तयार होते. घोड्याला एकदम जास्त धान्य देऊ नये, पोटशूळ उठू शकतो.
- थंडीत घोडा पाणी कमी पितो, त्यामुळेही पोटशूळाचा धोका वाढतो. पाणी कोमट करून द्यावे.
- ओल्या अंगावर झूल घालू नये. आधी पेंढ्याने किंवा बारदानाने अंग चोळून कोरडे करावे. भिजलेली झूल लगेच काढावी.
- पाऊस थांबल्यावरही काही दिवस खोकला, नाकातून स्राव, धाप यांवर लक्ष ठेवावे. लक्षणे दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर संपर्क साधावा.

भरपाई किती मिळते?

आपत्ती मदतीच्या केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत ओढकामाच्या घोड्यासाठी किंवा बैलासाठी ३२ हजार, तर मेंढी-शेळीसाठी ४ हजार रुपये आहेत. कुटुंबामागे लहान जनावरांची मर्यादा ३०. एका रात्रीत याहून अधिक मेंढ्या गेल्या तर उरलेले नुकसान मेंढपाळाच्याच माथी. शिवाय पंचनामा हवा. गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबाला परक्या तालुक्यात तो करून घेणे सोपे नसते.

मग उपाय काय?

पावसाचा इशारा आता मोबाइलवर येतो. पण तो वाचून कळप न्यायचा कुठे, याचे उत्तर त्यात नसते. मेंढपाळांच्या वाटा आणि महिने ठरलेले आहेत. त्या वाटांवरील गायरानात, बाजार समितीच्या आवारात किंवा सरकारी प्रक्षेत्रात दोन-तीन रात्रींपुरते छप्पर आणि वैरण राखून ठेवणे अशक्य नाही. ही यादी दिवाळीआधी तयार करून मेंढपाळांच्या हाती दिली पाहिजे. मेलेल्या मेंढ्या मोजण्यासाठी यंत्रणा रानात पोहोचते, तर ती एक दिवस आधीही पोहोचू शकते.