घरची बाग : छताला टेकलेले झाड

एका भगिनीने लिहिले आहे : मुलीने लग्नाआधी आणलेले फिडल लीफ फिगचे झाड आता छताला टेकले आहे. खालचे खोड उघडे पडले, तरी कात्री लावायची हिंमत होत नाही. लेकीची आठवण आहे, मेले तर काय?

भगिनींनो, हे झाड छाटणीने सहसा मरत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या पावसाळी जंगलातले हे मोठे झाड आपल्या वड, पिंपळ, उंबर आणि अंजिराच्याच खानदानातले. आपण त्याला कुंडीत बसवले, वाढायची खोड कशी जाईल?

शेंड्याचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा काढला की त्याखालचे एक-दोन, कधी तीन डोळे फुटतात आणि झाड फांद्या धरते. पानाचा देठ खोडाला जुळतो ते पेर. त्याच्या बोटभर वर, स्पिरिटने पुसलेल्या धारदार कात्रीने एकाच घावात कापा. छाटणी झाडाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. नवी फूट कापल्या जागेजवळच येते. अगदी खालच्या उघड्या खोडावर पानांची आशा धरू नका. म्हणून छताखाली चार बोटे नव्हे, जिथे फांद्या हव्यात तिथेच कापा.

कापताच पांढरा चीक ठिबकतो. त्याने कातडीला खाज सुटते, डोळ्यांची आग होते. हातमोजे घाला, खाली जुने वर्तमानपत्र पसरा (गालिच्यावरचा डाग निघता निघत नाही) आणि लहान मुलांना, मांजराला दूर ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत छाटू नका. फेब्रुवारी संपताना किंवा पहिला पाऊस पडल्यावर बरे. छाटल्यावर पाने कमी, म्हणजे पाणीही कमी. माती वरून दोन इंच सुकू द्या. लोक इथेच लाडाने पाणी घालून मुळे कुजवतात. झाड खिडकीजवळच्या उजेडात असू द्या. फूट दिसायला महिना-दीड महिना लागतो, तोवर खत नको.

कापलेला शेंडा फेकू नका. दोन-तीन पाने ठेवून, पेर बुडेल असा पाण्याच्या बरणीत ठेवा, आठवड्याला पाणी बदला. एक-दोन महिन्यांत मुळे धरतात. नुसत्या पानालाही मुळे येतात, पण त्याचे झाड होत नाही. मुळे बोटभर झाली की कुंडीत लावा, आणि पुढच्या खेपेला लेक माहेरी आली की तिच्या घरी पाठवा.