भिंत वाकडी की गिलावा?

तंजावरच्या जुन्या राजरस्त्यांवरून, विशेषतः मेलवीदीतून, सकाळी लवकर एक चक्कर मारून पाहावी. एरवी सावलीत सरळ वाटणारी भिंत तिरपे ऊन पडले की आपली सारी गुपिते उघडी करते. इथे फुगवटा, तिथे खळगा, ओट्याच्या वर गुडघाभर उंचीपर्यंत सुटलेले पोपडे! पोंगल तोंडावर आलेला असतो, घरात एखादे लग्न ठरलेले असते आणि नेमकी तेव्हाच ती भिंत घरच्यांच्या डोळ्यांत खुपू लागते.

मग मेस्त्री येतो. (पोर्तुगिजांचा हा शब्द तमिळमध्ये ‘मेस्त्री’ झाला आणि मराठीत ‘मिस्त्री’. तेव्हा तंजावरच्या मराठी घरात निदान या हाकेला तरी दुभाष्या लागत नाही.) तो भिंतीवर हात फिरवतो आणि म्हणतो, “अम्मा, काळजी नको. सगळीकडे सिमेंटचा हात मारतो. चार दिवसांत भिंत आरशासारखी!”

हे ऐकायला फार गोड वाटते. पण घर जुने असेल तर होकार देण्याआधी थोडे थांबावे.

तंजावर हे कावेरीच्या गाळावर वसलेले गाव. बृहदीश्वराच्या मंदिराला लागलेला ग्रॅनाइटसुद्धा बाहेरून आणावा लागला. सामान्य माणसाच्या घराला दगड कुठला परवडणार? त्यामुळे घरे उभी राहिली ती विटा आणि चुन्यावर. नायक राजांनी सुरू केलेला आणि १६७५ मध्ये व्यंकोजीराजे तंजावरला आल्यानंतर भोसल्यांनी वाढवलेला राजवाडा याच साहित्याचा आहे. सरफोजी महाराजांनी १८१४-१५ च्या सुमारास समुद्रकिनारी बांधलेला आठ मजली मनोराही विटा-चुन्याचाच. राजवाड्यात जिथे गिलावा गळून पडला आहे, तिथे जरा जवळ जाऊन पाहिले तर पातळ विटा आणि त्यांच्यामधले चुन्याचे जाड सांधे दिसतात. जुन्या घरांच्या भिंतीही आतून अशाच असतात.

अशी भिंत श्वास घेते, असे जुने गवंडी म्हणतात ते उगीच नव्हे. जमिनीतली ओल विटांतून वर चढते आणि चुन्याच्या सच्छिद्र गिलाव्यातून बाहेर उडून जाते. त्यावर सिमेंटचा घट्ट थर बसवला की ओलीची वाट बंद होते. ती आतच साठते, तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन फुगतात आणि एके दिवशी सिमेंटचा पापुद्रा ताटाएवढा सुटून खाली येतो. येताना एकटा येत नाही, विटेचा मऊ पृष्ठभागही सोबत घेऊन येतो. म्हणजे खर्च गेला तो गेलाच, वर भिंत आधीपेक्षा अधिक खडबडीत!

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा : वाकडे काय आहे? भिंत की गिलावा?

यासाठी फार साधने लागत नाहीत. लाकडी थापीच्या दांड्याने भिंत हळूहळू ठोकत जावे. ठणठणीत आवाज आला तर गिलावा भिंतीला धरून आहे. पोकळ, डबडब आवाज आला तर तो सुटला आहे. अशा जागेभोवती खडूने रेघ मारावी. मग ओळंबा सोडावा आणि लांब सरळ पट्टी आडवी-उभी लावून पाहावी. गिलावा घट्ट आहे आणि पट्टीखाली अर्धा-पाऊण सेंटीमीटरची लाट दिसते, एवढेच असेल तर ते दुखणे नव्हे. हाताने केलेल्या कामाची ती खूण आहे. तिला हात लावू नये हेच उत्तम. पण भिंतच बाहेर झुकली असेल, फुगवटा वाढत असेल, चीर रुंदावत असेल, तर गवंड्याच्या आधी इंजिनिअरला बोलवावे. गिलाव्याने ते झाकणे म्हणजे तापावर पावडर लावण्यासारखे आहे.

पोपडे फक्त खालच्या दोन-तीन फुटांत असतील तर पाणी कुठून येते ते शोधावे. गच्चीचा नळ भिंतीवर गळतो का? भिंतीला लागून मातीचा ढीग आहे का? आणखी एक गोष्ट अनेक गावांत दिसते. दर वेळी डांबरावर डांबर चढून रस्ता उंच होतो आणि एकेकाळी चार पायऱ्या वर असलेला ओटा रस्त्याच्या बरोबरीला येतो. पावसाचे पाणी मग सरळ भिंतीच्या पायाशी! हे पाणी वळवल्याशिवाय कुठलाही गिलावा टिकणार नाही, चुन्याचाही नाही.

आता प्रत्यक्ष काम. पोकळ भाग तेवढाच काढायचा, कडा सरळ कापायच्या, विटांचे सांधे थोडे खरवडायचे आणि धूळ झाडून भिंत चांगली भिजवायची. खोल खळगा एका दमात भरायचा नाही. इथेच बहुतेक कामे बिघडतात. जाड थर स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो आणि वाळताना तडकतो. एका थराची जाडी सेंटीमीटरभर, त्यावर ओरखडे, काही दिवस विसावा आणि मग पुढचा थर. शेवटचा हात मात्र पट्टी आणि रंधा फिरवून एकसारखा करायचा. फुगवटा विटांमुळेच असेल तर विटा छिलू नयेत. त्याच्या आजूबाजूला हात-दोन हात उतार देत गिलावा विरवत न्यावा, म्हणजे नजर चुकते. नजरच तर चुकवायची आहे!

माल चुना आणि चाळलेल्या वाळूचा, साधारण एकास तीन. ओल असेल तिथे विटांची पूड, म्हणजे सुर्खी, घालतात. तमिळ मुलुखात हिरडा आणि गूळ भिजवून आंबवलेले पाणी चुन्यात मिसळण्याची जुनी रीत आहे. त्याने माल लोण्यासारखा पसरतो. चुना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. त्यामुळे ताज्या कामावर ओले गोणपाट टांगून सावली द्यावी लागते. कळीचा चुना विरवताना तो उकळतो आणि उडतो. मुलांना त्या खड्ड्याच्या आसपासही फिरकू देऊ नये. डोळ्यांत गेलाच तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहावे आणि तसेच डॉक्टरकडे न्यावे.

घर अलीकडचे, सिमेंटचे असेल तर हा सारा खटाटोप नको. तिथे बाहेरून सिमेंटचाच दोन थरांचा गिलावा योग्य. बीम आणि विटा जिथे मिळतात तिथे जाळी ठोकावी आणि निदान सात दिवस पाणी मारावे. पाणी मारण्यात कंजुषी केली की केसासारख्या चिरा पडल्याच म्हणून समजा.

राहता राहिला मुहूर्त. तंजावरला मुख्य पाऊस येतो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, परतीच्या मोसमी वाऱ्यांबरोबर. एप्रिल-मेच्या उन्हात चुना भराभर सुकून कच्चा राहतो. भोगीच्या आधी भिंत नवी करून घेण्याची हौस असते खरी, पण पावसाळ्यात भिजलेली भिंत तेव्हा पुरती सुकलेलीही नसते. त्या दिवशी नुसती सफेदी करून घ्यावी, लग्नाचे फोटो त्यात छान येतात. गिलाव्याचे काम पोंगलनंतर काढावे आणि मार्चच्या आत संपवावे. चुना विरवून मुरायला किमान पंधरा दिवस लागतात, तेव्हा मेस्त्रीला निरोप त्याआधीच धाडावा. काम झाल्यावर वरून पुन्हा चुन्याचीच सफेदी द्यावी, ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट नको.